धाकटीला विचारायचं

गोदामात तिला सगळे नमुनेबाई म्हणत. धान्याचा ट्रक आला की पोत्यात पोकळ, टोकदार नळी खुपसायची, ओघळलेले दाणे तळहातावर घ्यायचे, बघायचे, हुंगायचे, एखादा दाताखाली धरायचा आणि पावतीवर लिहायचं: ओल इतकी, खडेकचरा इतका, कीड आहे किंवा नाही. चौतीस वर्षं तिनं हेच केलं. दाणा कटकन फुटला तर सुका, दबला तर ओला. ओल मोजायचं यंत्र पुढे आलं आणि बहुतेक वेळा तिच्या दातांशी सहमत झालं. घरी मात्र ती धाकटी होती. बासष्ट वर्षांची झाली तरी धाकटीच, कारण घरात दुसरं माणूस एकच होतं आणि ती ताई होती.

ताई शाळेत गणित शिकवायची. दोघींचीही लग्नं झाली नाहीत. ताईनं करायचं नाही असं ठरवलं होतं. धाकटीचं कोणी काही ठरवलंच नाही, म्हणून राहून गेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत त्या सदतीस वर्षं राहिल्या. घर विकत घ्यायचा विषय दोन-तीनदा निघाला होता. ताई कागद-पेन्सिल घेऊन बसायची. हप्ता, व्याज, डागडुजी, कर, सगळं मांडायची आणि म्हणायची, "भाड्यानं राहणंच परवडतं. उरलेले पैसे कामाला लावू."

"बरं," धाकटी म्हणायची.

पैशाच्या बाबतीत ताईचं डोकं खरंच चांगलं होतं. दोघींच्या पगारातून मागे टाकलेलं सगळं तिनं म्हातारपणासाठी लावलं होतं: निम्मं शेअर बाजाराच्या इंडेक्स फंडात, बाकीचं बहुतेक रोख्यांच्या फंडात, थोडं बँकेत. कुठली कंपनी वर जाणार हे सांगणाऱ्या माणसाला ती ज्योतिषी म्हणायची. "सगळा बाजारच चिमूट चिमूट घ्यायचा आणि गप्प बसायचं," असं तिचं म्हणणं. गप्प बसणं धाकटीला आधीपासूनच येत होतं. वर्ष सरलं की पहिल्या रविवारी ताई निळी फाईल काढायची, जे फुगलंय त्यातलं थोडं विकून जे आटलंय त्यात घालायचं ठरवायची आणि विचारायची, "कळलं ना?"

"कळलं," म्हणत धाकटी चहाचा कप पुढे सरकवायची. कळलेलं नसायचं.

फक्त एकदा तिच्या मनात वेगळं काही आलं होतं. एकतिसाव्या वर्षी तिला बंदरावरच्या प्रयोगशाळेत मुख्य तपासनीस म्हणून बोलावणं आलं. पगार दीडपट. बंदर गाडीनं सहा तासांवर. पत्र तिनं घरी येईपर्यंत दोनदा वाचलं होतं. ताईनं कागद घेतला. दोन घरं, दोन भाडी, दोन चुली, येण्याजाण्याचा खर्च. "वाढलेला पगार यातच जाईल गं. हातात काय उरणार?" हिशोबात चूक नव्हती. धाकटी "बरं" म्हणाली. नकाराचं पत्रसुद्धा ताईनंच लिहून दिलं, कारण तिचं अक्षर चांगलं होतं.

धाकटी निवृत्त झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी, हिवाळ्याच्या शेवटी, ताईच्या छातीत पाणी झालं. एकोणीस दिवस ती इस्पितळात होती. शुद्धीतलं तिचं शेवटचं वाक्य होतं, "निघताना दिवा बंद केलास ना?" धाकटीनं केला होता. तसं सांगितल्यावर ताईला बरं वाटलेलं दिसलं.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं हे तिला विचारलं तर ती म्हणेल, गेलं. पण शेजारच्या भिंतीला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की त्या दोन खोल्यांतून शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत आवाज येत नाही. सोमवारी ती दुधाच्या दुकानात जायची तेव्हा पहिला शब्द फाटकाच निघायचा. आधी खाकरायचं, मग "अर्धा लिटर" म्हणायचं. लिटर घेतलं असतं तर दोन दिवस पुरलं असतं, पण मग मंगळवारी जायचं कशाला? साबण एक, काडेपेटी एक, कांदे दोन, असं तिनं सगळंच सुटं घ्यायला सुरुवात केली. दुकानदाराला वाटलं बाईंची ओढाताण चाललीय. त्यानं एकदा हळूच, "नंतर दिले तरी चालतील," असं म्हटलं, तेव्हा ती इतकी ओशाळली की आठवडाभर दुसऱ्या दुकानात गेली.

वर्ष सरलं. पहिला रविवार आला. निळी फाईल कपाटात वरच्या फळीवर होती. ती खुर्चीवर चढली, फाईल काढली, ताईच्या खुर्चीत न बसता आपल्याच खुर्चीत बसली आणि उघडली.

विवरणपत्रं तारखेनुसार लावलेली होती. त्यांच्या वर एक सुटा कागद होता. पेन्सिलीतलं ताईचं अक्षर, तारीख इस्पितळात जाण्याआधी दोन आठवड्यांची. वर "नवीन मांडणी" असं लिहून खाली तीन ओळी होत्या:

इमारतींचा इंडेक्स फंड: १०%?

मालाचा इंडेक्स फंड (धान्य, तेल, धातू): १०%?

धाकटीला विचारायचं.

तिनं तो कागद तीन-चारदा वाचला. ताईनं तिला आजवर हजार गोष्टी सांगितल्या होत्या. विचारलं होतं ते एवढंच, की चहात साखर घातलीस का, दाराला कडी लावलीस का. हा प्रश्न वेगळा होता. आणि विचारायच्या आतच विचारणारी निघून गेली होती. धाकटीला रडू आलं नाही. राग आला. इतक्या वर्षांत एकदा विचारायचं सुचलं, आणि तेसुद्धा आत्ता!

फाईलवर सल्लागाराचा पत्ता होता. मंगळवारी ती गेली. औषधांच्या दुकानावर, अरुंद जिन्यानं वर, एक टेबल, दोन खुर्च्या आणि खिडकीत सुकत चाललेलं एक रोपटं. सल्लागार पस्तिशीची मुलगी होती, ताईचीच जुनी विद्यार्थिनी. "बाई आल्या की मी अजून सरळ बसायचे," ती म्हणाली. "पाढे विचारतील की काय अशी धास्ती वाटायची." मग तिच्या लक्षात आलं की समोर कोण बसलंय. "सॉरी, मावशी."

"विचारायचीच ती," धाकटी म्हणाली. "मला साठाव्या वर्षी सतराचा पाढा विचारला होता."

"आला?"

"एकशे दोनपर्यंत."

मुलगी हसली. कागद बघून तिनं मान हलवली. "हो, बोलणं झालं होतं आमचं. मागे महागाई वाढली तेव्हा शेअर आणि रोखे दोन्ही एकदमच खाली आले. बाई चिडून आल्या होत्या. म्हणाल्या, एक पडलं तर दुसरं सावरेल म्हणून दोन ठेवलेत, आणि दोघं हात धरून बुडताहेत! मग मी म्हटलं, या दोघांच्या चालीनं न चालणारं थोडं काहीतरी ठेवू."

"म्हणजे इमारती?"

"ऑफिसं, दुकानं, गोदामं भाड्यानं देणाऱ्या कंपन्या असतात. त्या सगळ्यांचा मिळून एक फंड. भाडं येतं, त्यातलं आपल्याला मिळतं. भाडी महागाईबरोबर वाढतात, निदान वाढायला हवीत. पडझड यातही होते हं. शेअरांबरोबर कधीकधी जोरातच पडतो हा."

"आम्ही सदतीस वर्षं भाडं भरतोय," धाकटी म्हणाली. "आता घेणाऱ्यांत जायचं म्हणे."

"थोडंसं."

"घर नको म्हणाली होती. आणि इमारती हव्यात."

आपण हे कुणाला ऐकवतोय ते धाकटीला कळेना. तिनं बोट दुसऱ्या ओळीवर ठेवलं. "आणि हा माल. तो कुठे ठेवतात?"

"ठेवत नाहीत. कागदावरच असतो. पुढच्या एखाद्या महिन्यात अमुक भावानं घेऊ असा करार. तो महिना जवळ आला की तो करार विकायचा आणि त्याच्या पुढच्या महिन्याचा घ्यायचा."

"पुढच्या महिन्याचा भाव जास्त असला तर?"

मुलीनं तिच्याकडे नीट बघितलं. "तर दर वेळी थोडं नुकसान. गव्हाचा भाव हलला नाही तरी."

"असणारच जास्त," धाकटी म्हणाली. "गोदामाचं भाडं, विमा, फवारणी हे सगळं त्या भावात धरतात. फुकट कोण सांभाळतं?" आणि मग ती बोलायला लागली. पोतं गोदामात ठेवलं म्हणजे ते जागच्या जागी राहत नाही. उन्हाळ्यात सुकून वजन घटतं, पावसाळ्यात ओल धरून वाढतं, त्यावर फसून घेणारे घेतात आणि पुन्हा घटतं. सोंडकिडा दाण्याला आतून पोखरतो. बाहेरून दाणा धडधाकट, पाण्यात टाकला की तरंगतो. उंदीर खातात थोडं, नासतात जास्त. एकदा मक्याची पूर्ण थप्पी आतून गरम झाली होती, हात घातला तर भाजेल अशी, आणि वरून कुणाला पत्ता नाही. "इमारत भाडं देते. कंपनी धंदा करते. रोखा व्याज देतो. गव्हाचं पोतं काय देतं? बसल्या जागी खातं. पिल्लं देत नाही ते. भाव वाढला तरच फायदा. आणि भाव कधी वाढतो, तर दुष्काळ पडला, लढाई झाली, रस्ते बंद झाले की. म्हणजे बाकी सगळ्यांचं वाईट झालं की."

"म्हणूनच ठेवतात, मावशी. बाकी सगळ्यांचं वाईट होतं तेव्हासाठी."

"ते खरं," धाकटी म्हणाली. "पण त्याला दहा कशाला?"

जिन्यात कुणीतरी खोकलं. दोन माणसं थांबून राहिली होती. भिंतीवरच्या घड्याळात बघितलं तर ती पाऊण तास बोलत होती. तिचा घसा दुखत होता. "वेड लागलं मला," असं काहीतरी पुटपुटत ती उठली, छत्री विसरली, परत वर येऊन छत्री घेतली, आणि त्या दोन माणसांची पुन्हा एकदा माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी ती गोदामावर गेली. कशाला, ते तिला नीट सांगता आलं नसतं. कुणाचं तरी मत घ्यावं एवढंच. फाटकावर नवा पहारेकरी होता. त्यानं नाव लिहायला लावलं, "कोणाकडे?" विचारलं आणि तिच्या कोटाला पाहुण्यांची चिठ्ठी लावली. गोदाम दुसऱ्या कंपनीनं घेतलं होतं. पाटी नवी, रंग नवा. तिच्या खोलीच्या जागी आता एक लोखंडी हात होता; तो ट्रकवर वाकून स्वतःच नळी खुपसत होता.

ट्रक तोलायच्या काट्यावर मात्र जुनाच काटेवाला होता. पस्तीस पावलांवरच्या खिडकीतून तिनं त्याच्याशी बावीस वर्षं पावत्यांची देवघेव केली होती. त्यानं खुर्ची पुसून दिली. "बाई, तुम्ही गेल्यापासून आमच्या गव्हात एक खडा सापडलेला नाही!"

"इतका चांगला गहू येतो?"

"छे! बघणारंच कोणी नाही."

ती खळखळून हसली. मग तिनं फंडाचं सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं आणि डोकं खाजवलं. "माझा सगळा माल सोन्यात आहे, आणि ते सोनं बायकोच्या गळ्यात. अडीनडीला काढून मागायची सोय नाही. ती माझाच गळा धरेल." मग म्हणाला, "ताई बऱ्या आहेत ना?"

त्याला माहीत नव्हतं. तिनं सांगितलं. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "मग घरी कोण असतं आता?"

"मी असते."

एक ट्रक काट्यावर चढला. काटेवाल्यानं आकडा वाचला, पावती फाडली. "एकदा घरी या जेवायला. बायकोला सांगून ठेवतो." ती येते म्हणाली. त्यानं पत्ता सांगितला नाही आणि तिनं विचारला नाही. तो माणूस मनापासूनच बोलला होता, पण 'एकदा' नावाचा वार कुठल्याच आठवड्यात येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

रविवारी तिनं टेबल पुसलं, फाईल उघडली आणि ताईचा कागद पुढे ओढला. इमारतींसमोर तिनं लिहिलं: "१०. चालेल." मालासमोर पेन्सिल टेकवून बराच वेळ बसली. गोदामात तिनं मोठमोठ्या व्यापाऱ्यांचा माल नाकारला होता. आरडाओरडा झाला तरी पावतीवरचा आकडा बदलला नव्हता. घरात कधी 'नाही' म्हणायची वेळ आली नव्हती, किंवा आली तेव्हा म्हटलं गेलं नव्हतं. तिनं दहाच्या आकड्यावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: "३. माल पोसावा लागतो. वाईट दिवसांसाठी तीन पुरे. बाकीचे सात बँकेत, हाताशी."

मग मान वर करून तिनं समोर बघितलं. ताई असती तर चष्मा सरकवून म्हणाली असती, "सिद्ध कर." आणि तिनं केलं असतं! सोंडकिडा, ओल, विमा, पुढच्या महिन्याचा भाव, एकेक मुद्दा मांडून केलं असतं, आणि ताईला मान्य करावं लागलं असतं. आयुष्यात पहिल्यांदाच ताईला पुरून उरेल असं काहीतरी तिच्याजवळ होतं, आणि समोरची खुर्ची रिकामी होती. आता मात्र तिला रडू आलं. बंदराचं पत्र आठवलं. त्या वेळी कुणी सिद्ध कर म्हणालं नव्हतं, हे खरं. पण मला जायचंय, एवढं साधं वाक्य तिनंही उच्चारलं नव्हतं. ताईनं कागदावर पैसेच मांडले, कारण दुसरं काही तिला कुणी दिलंच नव्हतं मांडायला.

सोमवारी सह्या करायला गेली. सल्लागार मुलीनं तीनचा आकडा बघून मान डोलावली. "बरोबर आहे. मीही बाईंना पाचच्या वर नको म्हणाले होते, पण त्यांच्यापुढे बोलायची टाप नव्हती." मग घसा साफ करून म्हणाली, "मावशी, सगळीकडे नॉमिनी म्हणून बाईंचंच नाव आहे. ते बदलावं लागेल. आणि नवीन दोन फंडांवरही कुणाचं तरी घालायला हवं."

"कुणाचं?"

"तुम्ही म्हणाल त्याचं. तुमच्यामागे ज्यांच्याकडे जावं असं वाटतं त्यांचं."

धाकटीनं अर्ज घडी करून पिशवीत ठेवला. घरी ती रकान्याकडे बघत बसली. नाव, नातं, जन्मतारीख, पत्ता. काटेवाल्याचं पूर्ण नावसुद्धा तिला माहीत नव्हतं. दूधवाल्याला ती 'दादा' म्हणायची, पण त्या रकान्यात दादा चालला नसता. शेवटी मावसबहिणीची मुलगी उरली. परदेशात असायची, मावसबहीण वारल्यावर आपणहून वर्षातून एक निरोप पाठवायची. तिला फोन लावला.

"मावशी?" पलीकडून घाबरा आवाज आला. "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही गं. जायला कोण उरलंय? तुझी जन्मतारीख हवी होती."

का, ते धाकटीनं सांगितलं. मागे तान्हं मूल रडत होतं. मग भाचीनं तारीख सांगितली, पत्ता अक्षर अक्षर करून सांगितला, आणि म्हणाली, "मी रविवारी फोन करते, मावशी. नक्की." सगळं मिळून सहा मिनिटं झाली. रविवारी तिनं खरंच फोन केला. पुढच्याही रविवारी केला. तिसऱ्या रविवारी धाकटी जेवण गार होईपर्यंत फोनजवळ बसली आणि मग स्वतःलाच म्हणाली, अगं, लेकुरवाळी बाई ती. त्यानंतर फोन येत राहिला, महिन्या-दोन महिन्यांनी, जमेल तसा. धाकटीनं वाट बघायचं सोडलं नाही, फक्त जेवण आधी उरकून घ्यायला लागली.

वर्ष उलटलं. कुठेतरी दूर लढाई पेटली, कुठेतरी पीक करपलं. शेअर जागच्या जागी राहिले, इमारती खाली आल्या, आणि मालाचा फंड असा उसळला की तिनाचे चार टक्के झाले.

"बाईंचं खरं ठरलं असतं या वर्षी," सल्लागार मुलगी म्हणाली. "वाढवायचा का?"

"दहा असते तर बरेच मिळाले असते ना?"

"बरेच."

धाकटीला वाईट वाटायला हवं होतं. तिला हसू आलं. या वर्षी ताईनं केवढा टेंभा मिरवला असता! दूधवाल्यापर्यंत बातमी गेली असती. "नको," ती म्हणाली. "एका वर्षानं गहू शहाणा होत नाही. वरचं विकून तिनावर आणा, आणि ते पैसे इमारतींत घाला." मुलगी लिहून घेत होती तेव्हा तिनं एकदा चूक दाखवली, टक्केवारी वजा करायच्या जागी बेरीज झाली होती. मुलगी खुर्चीत सरळ बसली.

काम संपलं तेव्हा एक वाजला होता. मुलीनं दार ओढून घेतलं, डबा काढला आणि म्हणाली, "खाल का थोडं? एकटीला जात नाही." धाकटीनं खाल्लं. भाजीत मीठ कमी होतं, तरी तिनं पुन्हा घेतली. मुलगी मध्येच फोनमध्ये बघत होती, धाकटी खिडकीतल्या रोपट्याची वाळलेली पानं खुडत होती. दीड वाजता जिन्यात पावलं वाजली आणि पुढचं गिऱ्हाईक वर आलं. धाकटीनं हात धुतले, पानं कागदात गुंडाळून घेतली आणि खाली उतरली. रस्त्यावर लख्ख ऊन होतं आणि पूर्वी ताईची शाळा सुटायची त्या वेळेला अजून तीन तास होते. ती घराच्या उलट्या बाजूनं, नदीकडच्या लांबच्या रस्त्यानं चालायला लागली.